धोके शून्य

सिंदेवाहीच्या बसस्टँडसमोर, खताच्या दुकानाला लागून
माझी टपरी. स्क्रीन, बॅटऱ्या, चार्जिंगची पिन.
बाजूच्या दुकानात माणसं तुडतुड्याचं औषध मागतात,
तीच माणसं वळून माझ्यापुढं फोन ठेवतात:
"यात बी किडे झाले वाटते गुरनुले, मार ना काही."

मी मारायचो.
म्हणजे फुकटातलं एक अॅप टाकायचो, पन्नास रुपये घ्यायचो.
ते अर्धा मिनिट गोल फिरायचं, मग
एक हिरवी ढाल, आणि खाली: धोके शून्य.
त्या शून्याकडं माणूस असा पाहायचा
जसा रक्ताच्या रिपोर्टाकडं.
फोन त्यानंतर जरा जास्तच तापायचा,
जाहिराती यायच्या,
पण झोप लागायची.

खरं विचाराल तर फोन आपल्या अंगानं
फारसा आजारी पडत नाही.
एकेक अॅप आपापल्या बांधीत उभं असतं,
दुसऱ्याच्या बांधीत पाणी न्यायचं तर विचारावं लागतं त्याला.
धुरा फोडतो तो आपला अंगठा.
हे मला ठाऊक होतं.
पन्नास रुपये घेतानाही ठाऊक होतं.

मग पुसाच्या थंडीत एका रात्री
झिबल नन्नावरेंच्या नंबरावरून
दोनशे चौदा जणांना लग्नपत्रिका गेली.
झिबलजी झोपले होते.
त्यांनी स्वतः ती दुपारी उघडली होती,
"नागभीडच्या साळ्याचं नाव होतं जी वर,
काहून नाही उघडू?"
आत ना मुलगा ना मुलगी, ना तिथी.
एपीके म्हणतात तिला. पाकिटात शिरलेला माणूस.

रत्नापूरच्या अंगणवाडीच्या पुष्पकलाबाईंनी विचार केला,
पोस्टमनदादाची पत्रिका आहे.
मेसेज वाचू? होय.
स्क्रीन पाहू? होय.
बाळाला घुगऱ्या भरवता भरवता होय, होय.
उजाडेपर्यंत दोन महिन्यांचं मानधन गेलं.
फोन घेऊन आल्या तेव्हा
ढाल हिरवीच होती.
मी दहा-दहाच्या पाच नोटा पुढं केल्या.
त्यांनी मोजून घेतल्या.

झिबलजींनी छत्तीस वर्षं लोकांची पाकिटं
न फोडता पोचवली.
वाघाच्या वाटेवरून घंटी वाजवत जायचे,
मनीऑर्डर आली की म्हातारीचा अंगठा शाईत बुडवून
रुपये तिच्या हातावर मोजायचे,
एकदा नाही, दोनदा.
आता गावोगाव एकच बोलणं:
नन्नावरेचं काही आलं तर उघडू नका.

फागुनात त्यांच्या नातीचं खरंच लग्न ठरलं.
फोनवर पत्रिका पाठवली. साधा फोटो होता.
दोन टिचक्या पडल्या, त्या निळ्या झाल्या नाहीत.
काहींनी नंबरच बंद करून ठेवला होता.
ते माझ्या टपरीवर येऊन बसले.
"तुझ्या त्या औषधानं," म्हणाले,
"माह्यं नाव साफ होते का?"
मी पेचकस पुसत राहिलो.

चौथ्या दिवशी ते सायकलवर दिसले.
चेनला नवं तेल, हँडलला पिशवी.
नवरगाव, वासेरा, गडमौशी,
दारात उभं राहून घंटी, मग हाक,
मग कागद. पुष्पकलाबाईंच्या दारात म्हणे
बराच वेळ उभे होते. काय बोलणं झालं ते
दोघांनीही कुणाला सांगितलं नाही.

माझ्याकडं शेवटी आले.
मी पत्रिका उलटवून मागची बाजू पाहिली,
कडा पाहिल्या, नाव, तिथी, ठिकाण,
प्रेसचा पत्तासुद्धा वाचला.
ते हसले नाहीत, थांबले.
मग पिवळे तांदूळ माझ्या हातावर ठेवले.

अंगठ्याला हळद लागली.
त्या दिवशी संध्याकाळपर्यंत
माझाच फोन मला ओळखेना.