लूप एकशे बारा

आरामनगरच्या गल्लीत, इस्त्रीवाल्याच्या मागे,
जिथे स्टुडिओचं दार जाड आणि संडासाचं पातळ,
मी तीन दिवस भूत आहे.
लूपमागे ठरलेले पैसे, किंचाळीचे वेगळे.

पडद्यावर मुलगी, पिवळट केसांची, परदेशातली.
हातपाय पलंगाला बांधलेले.
तिच्या तोंडात मराठी मी घालते.
काचेपलीकडून हेरंब म्हणतो, 'ताई, खर्जात. नाभीतून.'
मी नाभीतून देते.
दोन टेकच्या मध्ये ज्येष्ठमध आणि कोमट पाण्याचा एक घोट.

पाद्र्याचा आवाज बावतीस तुस्कानोचा.
एरवी तो सिमेंटच्या जाहिराती करतो.
गोरेगावच्या सेमिनरीत चार वर्षं काढली,
पाचव्या वर्षी झगा घडी करून परत दिला.
का, असं एकदा विचारलं वडापाव खाताना,
तर म्हणाला, 'प्रार्थना म्हणजे हे असंच की,
माइक चालू आहे, आपण बोलतोय,
फक्त काचेपलीकडचा दिवा बंद.
कुणी बसलंय की जेवायला गेलंय, कळत नाही.'
आणि मिरचीचं देठ कागदात गुंडाळत बसला.

सिनेमातल्या पाद्र्यालाही तोच आजार.
रात्री क्रूस टेबलावर पालथा ठेवतो,
मग उठून सुलटा करतो.
'तू आहेस ना?'
हे वाक्य बावतीसनं पहिल्याच टेकला दिलं.
हेरंब खूश. म्हणाला, एक सेफ्टी घेऊ.
बावतीस म्हणाला, नको.

लूप एकशे बारा.
पाद्री : तुझं नाव सांग!
मुलगी : (गुरगुर, पाच सेकंद)

कागदावर गुरगुर एवढंच लिहिलेलं असतं.
ती आणायची कुठून, ते ज्याचं त्यानं बघायचं.

मी टेंभीपाड्यातून आणते. साल सत्त्याऐंशी.
रत्नी, माझी थोरली, चौदाची.
अंगात ताप, दातखीळ, झटके.
बाबांनी ठाण्याहून देवऋषी आणला, रिक्षानं, भाडं आपलं.
मिरच्यांची धुरी. लिंबू. तिचे केस त्याच्या मुठीत.
'नाव सांग! कुठल्या झाडावरची तू?'
दारात अख्खी चाळ.
म्हणत होते, ऐका, ऐका, पुरुष बोलतोय तिच्यात.

मी सहा वर्षांची, पलंगाखाली,
सगळ्यांत जवळ.
घसा सुकला की आवाज जाड होतो, एवढंच होतं ते.
ती पाणी म्हणत होती.
माठ माझ्या पाठीला लागत होता, गार.
मी हात लांब केला नाही.
मलाही वाटत होतं की भूत आहे.

पहाटे ती निजली. सगळे म्हणाले, उतरलं.
दुपारी डॉक्टरनं कागदावर वेळ लिहिली.

तर एकशे बारा, टेक तेरा.
मी गुरगुरीत पाणी कालवलं,
पा आणि णी वेगवेगळे करून, दगडाखाली दाबून.
हेरंबनं अंगठा दाखवला. मस्त. भयानक.

एकाच माइकवर आम्ही दोघं, हेरंबची जुनी खोड.
पुढचं वाक्य बावतीसचं. तेच पुन्हा : तुझं नाव सांग.
बावतीसनं कागदाकडे पाहिलं नाही.
हळू, जवळजवळ घरच्या आवाजात म्हणाला,
'पाणी हवंय का?'

हेडफोनमध्ये एसीची घरघर.
हेरंबनं मागे नेऊन पाहिलं. पुन्हा नेलं.
'ओठांना बसतंय,' तो म्हणाला. 'अर्थाला नाही बसत.'
मग म्हणाला, 'बघू मिक्सिंगला.'
बावतीसनं चष्मा पुसला. मी पुढची किंचाळी दिली.

लागला तेव्हा मुलुंडला जाऊन पाहिला, एकटीनं, दुपारचा खेळ.
सतराअठरा माणसं. पोरं हसत होती.
एकशे बारा आला
आणि वर इतकं संगीत चढवलेलं,
घंटा, वारा, काय काय,
की ते वाक्य ठेवलं की कापलं
मला, जिनं ते एका हातावरून ऐकलं, तिलाही
कळलं नाही.

पाद्र्याचे ओठ हलले.
मुलगी शांत झाली. ती तशीही होणारच होती, मुळातच.

अंधारात पुढे कुणीतरी
बाटलीचं झाकण उघडलं.