वजा एकोणीस

लायसन्स आलं तेव्हा मी बासष्टची.
रणभिसे सर म्हणाले, मोर्स नंतर बघू,
आधी रेडिओला कॉम्प्युटर जोड.
सर वेधशाळेत होते. पाऊस सोडून
सगळ्याचा अंदाज त्यांचा बरोबर येतो.

तपकीर गल्लीत एक केबल घेतली,
फेराइटच्या दोन कड्या.
दुकानदार म्हणाला, "मुलासाठी का?"
म्हटलं, "माझ्यासाठी."
त्यानं दहा रुपये कमी केले, का ते कळलं नाही.

पद्मावतीतल्या आमच्या गच्चीवर
दोन टाक्यांच्या मधे ताणली तार.
सेक्रेटरी ढमढेऱ्यांना सांगितलं, कपड्यांची दोरी आहे.
"मग कपडे कुठायत?"
दुसऱ्या दिवसापासून एक जुना टॉवेल
वाळतोय तिथं, कायमचा.

पडद्यावर धबधबा. निळ्यात पिवळ्या रेघा,
एकेक रेघ म्हणजे कुणीतरी.
पण अक्षर उमटेना.
आवाज कमी केला, वाढवला,
केबल काढून फुंकर मारली, पुन्हा खोचली.
रात्री दहाला सरांना फोन.
"घड्याळ बघ," एवढंच म्हणाले, ठेवला.

कॉम्प्युटरचं घड्याळ तीन सेकंद मागे.
अख्खं जग पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीनं बोलत होतं
आणि मी दर वेळी
अर्ध्या वाक्यात दार उघडत होते.

जुळवलं,
आणि कढईत लाह्या फुटाव्यात
तशा ओळी: ओसाका, सुराबाया, त्रिवेंद्रम,
एक कुणी जहाजावरचा.

नऊ वर्षं मी ट्रंक बोर्डावर होते,
मग बिलांच्या खिडकीशी.
"तीन मिनिटं झाली, वाढवू?"
लोकांच्या सोयरिकीत, मयतीत,
नुसत्याच हुंदक्यात
किती वेळा घातलं असेल हे वाक्य मी.
इथं पंधरा सेकंद, वाढवून मिळत नाहीत.
नाव, गाव, किती ऐकू आलास, पोचलं, येतो.
जेवलास का, एवढंही विचारायची सोय नाही.

माझी पाळी आली तेव्हा माउसवरचं बोट थिजलं.
मग रिले खटकन वाजला, सुई जेमतेम हलली,
आठ सुरांत कुणी अडखळत शीळ घालावी
तसं निघालं माझं नाव:
व्हीयूनं सुरू होणारं, सरकारनं दिलेलं,
ज्यात बापाचंही काही नाही, सासरचंही.
गावाच्या जागी चौकोन, एमके अडुसष्ट.
त्यात अलिबागही येतं, लोणावळाही.
मी मनात म्हटलं, पद्मावती.

उत्तर आलं कझाकस्तानातून.
वजा एकोणीस.
म्हणजे त्याच्याकडचा गोंगाट वर,
मी कितीतरी खाली.
खाली, पण होते.

बोर्डावरही असंच असायचं.
खरखरीच्या तळाशी नागपूरचा एक "हॅलो",
तो कानानं चाचपून मी वर काढायचे.
आता ते काम यंत्र करतं
आणि मला ऐकू येतो फक्त एक गुंजारव.
खोटं कशाला बोलू, थोडा मत्सर वाटला.

त्यानं त्र्याहत्तर पाठवलं.
या लोकांत तो आकडा म्हणजे शुभेच्छा.
मीही पाठवलं. पडद्यानं विचारलं, नोंद करू?
केली.
आणि रिकाम्या खोलीत माझ्याच तोंडून गेलं,
"तीन मिनिटं झाली, वाढवू?"

त्याची रेघ तोवर
दुसऱ्या कुणाला हाक मारत होती.

सरांना सगळं सांगितलं, टॉवेलसकट.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "ओला असतो का?"
"कधी कधी."
"उद्या काढ. वजा अठरा होईल."