रुपयामागे एक पैसा

विल्होळीच्या जकात नाक्यावर सोळा वर्षं
मी पावत्या फाडल्या.
मुंबईकडून येणारे ट्रक, ताडपत्रीवर दव,
पेंगुळलेला क्लीनर, तंबाखूच्या वासाची बिल्टी.
आत काय आहे ते लिहायचं,
माल कुठे जाणार ते लिहायचं.
पैसे कुठे जाणार, हा रकाना
छापलेलाच नव्हता.

पावतीखाली घडी घातलेली नोट
दोनदा घेतली मी.
तीनदा.
मोजायला बसलो तर बोटं पुरायची नाहीत,
म्हणून बसलो नाही.

मग एका मध्यरात्री जकात उठली.
नाक्याचा लाकडी दांडा कुणीतरी चुलीसाठी नेला,
आणि आम्हाला खात्याखात्यांत वाटून टाकलं,
दुकान मोडल्यावर बरण्या वाटतात तसं.
मी आलो सातपूरच्या शाळेत, लिपिक म्हणून.

तिथे पहिल्यांदा दिसली
पैसा जिथवर पोचला नव्हता ती जागा.
मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ मशीन,
अंबडच्या कुणा कारखानदारानं दिलेलं,
चार वर्षं झाकलेलं.
थ्री फेज कनेक्शन नाही.
ताडपत्री ओळखीची वाटली.

जाचकबाई म्हणायच्या, अर्ज करा.
केले.
"निधी उपलब्ध होताच" हे उत्तर इतक्यांदा आलं
की फायलीला तेच नाव पडलं.

आठवीतली हर्षाली मोंढे मधल्या सुट्टीत
ताडपत्रीचं टोक उचलून आत बघायची,
आणि आजाऱ्याची चादर सारखी करावी तशी
हळूच खाली सोडायची.

पुढच्या वर्षी सभेपुढे विषय आला:
शहरात जे विकलं जाईल, त्यावर रुपयामागे एक पैसा.
निम्मा शाळांना,
निम्मा हाताला काम शिकवणाऱ्या शेडांना.
आठ तास चर्चा.
कुणी म्हणालं, आधी घाट बघा, सिंहस्थ तोंडावर आलाय.
गॅलरीतून एकजण ओरडला,
सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, पोरं रोज येतात!
त्याला शिपायानं बाहेर काढलं.
तो मी होतो असं शाळेत अजून सांगतात.
मी नव्हतो. असायला हवा होतो.

भांडी बाजारात निरगुडेशेठनी
पितळी पातेलं काट्यावर ठेवता ठेवता सुनावलं:
"एक पैसा? शेवटचा कधी पाहिलात तुम्ही?
टांकसाळच जे नाणं पाडत नाही,
ते गिऱ्हाइकाकडे मी कोणत्या तोंडानं मागू?
उद्या तो सिन्नरला जाईल भांडी घ्यायला.
आणि आधीचे कुठे गेले, ते तुम्हीच सांगा.
तुम्ही तर नाक्यावर होतात."

माझ्याकडे उत्तर होतं.
पातेलं घेतलं आणि घरी आलो.

ठराव झाला, एका मतानं.
बिलाच्या तळाशी एक ओळ आली,
इतकी बारीक की शेठ ती चष्मा कपाळावर सरकवून वाचायचे
आणि गिऱ्हाइकाला माझं नाव सांगायचे,
जणू कर मीच बसवला.

दीड वर्षानं, मार्चअखेरीला, शेडपर्यंत केबल आली.
वायरमननं खटका वर केला तेव्हा
जाचकबाईंनी दोन्ही कान झाकले.
हर्षाली आता दहावीत. बाह्या दुमडलेल्या, वेणी टोपीत.
चक फिरला, हत्यार टेकलं,
आणि लोखंडाची साल निघाली,
निळसर, लांब, स्वतःभोवती वळत जाणारी.

तिनं ती मला दिली. गरम होती.
रुमालात गुंडाळून मी भांडी बाजार गाठला.
म्हटलं, शेठ, तुमची पावती.

त्यांनी ती आधी काट्यावर टाकली.
काटा हलला नाही.
"भंगारात याचे चार आणे येणार नाहीत," म्हणाले,
आणि गल्ल्याच्या कोपऱ्यातला तो खण उघडला
ज्यात त्यांच्या वडिलांच्या वेळी
सुटे पैसे असायचे.
ठेवताना कडेनं बोट कापलं.
काही बोलले नाहीत.
बोट चोखत चोखत
पुढच्या गिऱ्हाइकाचं बिल करायला बसले.