निळी वायर

"प्लग काढला होता हो," मालनबाई म्हणाल्या,
तीनदा.
एकदा माझ्याकडं बघून, एकदा काळ्या पडद्याकडं,
तिसऱ्यांदा कुणाकडंच नाही.

वडगावात, मंगाईच्या देवळामागच्या बोळात
मी डबा उघडला.
आत मागावरून उडालेली तूस, एक मेलेलं झुरळ.
पॉवर सप्लाय ठणठणीत.
मग मागं, निळी वायर शिरते त्या चौकोनी भोकात
आठातले दोन दात वितळलेले,
शेजारची चिप तडकलेली,
तव्यावर एखादाच तीळ फुटावा तशी.
वास अजून होता.

पाऊस नव्हताच म्हणे. येळ्ळूरच्या गडावर नुसतं कडाडलं.
बाई धावल्या, माग थांबवला,
मेन स्विच खाली, प्लग बाहेर,
आणि चहा टाकला निवांत.
ती आली गच्चीवरून.
पाच घरं, एक चिंच,
कल्लाप्पाच्या टाकीला मारलेले दोन वेढे,
महिना चारशे रुपयांची केबल.
तिच्यात हेस्कॉमचा करंट नसतो,
म्हणून तिला कोण भिणार?

आत एकशेबारा काठ होते.
गोमी, परसपेठ, आणि नाव नसलेले कितीतरी,
हवळ मास्तरांनी चौकोन चौकोन भरून काढलेले,
हात थरथरायला लागायच्या आधी.
मास्तर कोपऱ्यात बसून होते. काही बोलले नाहीत.

डिस्क दुकानात नेली, दुसऱ्या मशीनला जोडली.
कुरकुरली. फिरली.
पडद्यावर पहिली गोमी सरपटत आली
तेव्हा मी एकटाच "हां!" म्हणालो, मोठ्यानं.

नवा बोर्ड बसवला. समजावून सांगितलं:
वायर घरात शिरते तिथं हा छोटा डबा,
त्याची हिरवी तार अर्थिंगला,
खड्ड्यात मीठ-कोळसा, उन्हाळ्यात तांब्याभर पाणी,
आणि तरीही, आभाळ गुरगुरलं की निळी पण काढायची.
जमलं तर काचेची लाइन घ्या, तिच्यातून वीज येत नाही.
मास्तर तेव्हा पहिल्यांदा बोलले,
"म्हणजे ताणा सोडला,
बाणा तसाच ठेवला आम्ही."
दहा वर्षं हेच सांगतोय गिऱ्हाइकांना,
इतकं नेमकं कधी जमलं नाही.

काल साडेचारला फोन.
"गडावर चमकायलंय बघ. निळी काढलीस काय?"
"दुकानातली काढली की, बाई."
"आणि घरची?"

शटर अर्ध्यावर सोडून
मी गाडीची किल्ली शोधतोय.