केटला फूट

रात्री पावणेतीनला फोन वाजतो तेव्हा
मी आधी चष्मा शोधते, मग दोरी.
समा भागात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये
कुणाच्या तरी स्कूटरखाली मगर बसलीय.
बसलीय म्हणजे बसलीय. तिला कुठं जायची घाई नाही.
घाई वरच्या मजल्यांवरच्या टॉर्चांना.

मग मी वसावांना फोन लावायची.
हॅलो नाही, एवढ्या रात्री का नाही,
पलीकडून फक्त :
"केटला फूट?"

सहा म्हटलं तर ते एकटे यायचे.
नऊ म्हटलं तर पिंजरा, ड्रायव्हर
आणि ड्रायव्हरची शिव्यांची पोतडी.

सुरुवातीला हे असं नव्हतं.
सुरुवातीला एक नोटीस होती.
जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का अर्धा कागदाबाहेर :
संरक्षित प्राण्याला विनापरवाना हात लावल्याबद्दल
आपणांवर कारवाई का करू नये.
संस्था म्हणजे तेव्हा आम्ही तिघं,
एक जुनी ओम्नी, आणि दांडिया बाजारात जिन्याखाली
ओल्या गोणपाटांचा ढीग.
डोळ्यांवर गोणपाट टाकलं की मगर शांत होते.
खात्याच्या डोळ्यांवर काय टाकायचं
ते माहीत नव्हतं.

मीही कमी नव्हते.
वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, वनखातं झोपलंय.
दुसऱ्या दिवशी वसावा दारात.
चिखलाचे बूट बाहेर काढून, मोज्याला भोक.
बेन, म्हणाले, आख्ख्या शहराला आम्ही अकरा माणसं,
त्यातली चार निवडणुकीच्या कामाला.
झोपलोय लिहा. कधी झोपलो, तेही लिहा.

मी चहा ठेवला. दुसरं काय करणार.

त्यांना लेखी हवं होतं, मला लवकर हवं होतं.
ह्या दोन शब्दांमधल्या गाळात
आम्ही सहा वर्षं उभे, गुडघाभर.
धरायची आम्ही, पावती त्यांनी द्यायची.
छापील फॉर्मवर त्यांनी पट्टी न घेता
एक रकाना हाताने आखला, वाकडा :
'मदतनीस'. त्यात आमची नावं.
पेट्रोलचं बिल मात्र अजून वर आहे.
वर म्हणजे कुठं, ते वसावांनाही ठाऊक नव्हतं.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असं आपण म्हणतो.
बडोद्यात मासा जाऊन मगर येते, एवढंच.
पण आमच्यात पाणी कोण आणि मगर कोण
हे मला कधी नीट कळलं नाही.
कधी मी जबडा धरला, त्यांनी शेपूट.
कधी उलट.
शेपटाकडच्याला जास्त लागतं, हे आधी कुणी सांगत नाही.

मार्चमध्ये त्यांची बदली झाली. छोटाउदेपूर.
भाषण, शाल, काही नाही.
जाताना एवढंच की
पिंजऱ्याच्या उजव्या बिजागरीला तेल लागतं.

नवे साहेब तरुण, कडक इस्त्रीचे.
आमच्याशी तुमचा करार कुठं आहे, त्यांनी विचारलं.
मी पिशवीतून दोनशे सोळा पावत्या काढल्या.
ह्या पावत्या आहेत, ते म्हणाले.
मी म्हटलं, हो.
दारातल्या पट्टेवाल्याला खोकला आला, की हसू.

काल रात्री पुन्हा.
तीनदा फोन कट झाला. चौथ्यांदा उचलला.
मी अर्जाच्या सुरात सुरू केलं :
नमस्कार साहेब, हेमलता दिघे बोलतेय,
संस्थेचा नोंदणी क्रमांक...
पलीकडे पंख्याचा आवाज. एक तान्हं मूल रडलं.
कुणीतरी त्याला थोपटलं.
मग, कुणाला तरी विचारून ठेवल्यासारखं,
अवघडत :
"केटला... फूट?"

आठ, मी म्हटलं.
होती साडेपाच.
एकट्याने यायला अजून वेळ आहे त्यांना.