भाव

जिनिंगच्या फाटकावरच्या काळ्या पाटीवर
रोज सकाळी मी कापसाचा भाव लिहितो.
त्याखाली, जिथं पुसून पुसून पाटी राखेसारखी झालीय,
पंधरा दिवसांपासून आणखी दोन आकडे असतात.
नाव नसतं. ज्याला कळायचं त्याला कळतं.

कपबशी चाळीस पैसे.
शिवणयंत्र एक रुपया नव्वद.

नव्या माणसाला उलगडून सांगावं लागतं :
कापूस चढला की मोठा,
माणूस उतरला की मोठा.
रुपया लावा, चाळीस पैसे सुटतील,
इतकं त्याचं येणं पक्कं.
चाळीस पैशांचा माणूस गाडीतून उतरतो
आणि अख्खा चौक हात जोडतो.

काट्यामागच्या खोलीत लीलाधर चांडक,
दोन फोन, एक पंखा, अंगभर रुई.
"मत नको सांगू, पैसे सांग," म्हणतो,
"तोंड फुकटचं असते."
सभेची गर्दी तो मोजत नाही,
गर्दीला डिझेल कुणी भरलं ते विचारतो.
सोमवारी कपबशीच्या सख्ख्या साडूनं
गुपचूप शिवणयंत्र लावलं, पन्नास हजार.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत कपबशी पंचावन्न.

बुधवारी रात्री पांढरी गाडी आली.
पोरगं विशीतलं, बॅग मात्र वयस्कर.
"कपबशी लावा. पाच लाख.
बुडले तरी चालन. भाव पाडा."
भाव पंचवीसवर आला.
गुरुवारी पानठेल्यावर मी ऐकलं :
"पंचवीस पैसे हाय म्हन्ते गा.
मंग आपलं मत कायले वाया घालवाचं?"

मी काट्यावर बसणारा माणूस.
कुणी पारड्यावर बोट ठेवलं
तर काटा खोटं बोलत नाही,
तो बोटाचंही वजन सांगतो.
फक्त पावतीवर बोट लिहायची जागा नसते.

रेच्यावरची सुभद्रा उईके
मतदानाच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आली.
भुवयांवर कापूस, मुठीत पन्नासाची नोट.
"बाबू, शिवणयंत्रावर लाव."
चांडक पाचशेच्या खाली घेत नाही.
मी म्हटलं, तुले कसं माहीत?
"पैसे घेतले सारीनं. साडी बी घेतली.
मंग पाणी प्याले बसलो,
तं कोनी त्याचं नावच नाही काढलं.
बाया इतक्या गुमान कवा असतात, सांग?"
मी ती नोट माझ्याच वहीत लिहिली,
तीन रुपये भावानं.
हरलो तर दीडशे माझ्या खिशातून.
जन्मात पहिल्यांदा मी कुणाचं खाल्लं.

आज रात्री यंत्रं तहसीलच्या गोदामात आहेत.
लाखेचं सील, दारात शिपाई डबा सोडून बसलेला.
आत आकडा परवा संध्याकाळीच ठरला,
आता तो हलणार नाही, वाढणार नाही,
कुणाच्या बॅगेला भिणार नाही.
आणि बाहेर, तीन मैलांवर, फोन वाजतो,
पंचवीस. बावीस. सत्तावीस. चोवीस.

साडेअकराला चांडक बाहेर आला,
सरकीच्या ढिगाशी उभा राहून लघवी केली,
आणि तिकडं तोंड ठेवूनच विचारलं,
"तुह्या कानावर काही आलं का रे?
रेच्यावरच्या बाया काय म्हन्तात?"

नोट खिशात होती,
चार घड्यांची, सरकीच्या वासाची.

मी म्हटलं, काहीच नाही म्हनत.