बाकी

वाइके तूलिकनं मासळीच्या कारखान्यात
चौतीस वर्षं हिशेब लिहिले.
कारखाना बंद पडला, कोऱ्या वह्या तिच्याकडं राहिल्या,
हिरव्या पुठ्ठ्याच्या, समासाला लाल रेघ.

मी तिची भाडेकरू, हीऊमा बेटावर, एका हिवाळ्यापुरती.
समुद्रावरची बदकं मोजायचं काम होतं माझं.
दुपारी साडेतीनलाच दिवस बुडायचा
आणि ती दिव्याखाली वही उघडून
एकोणीस एक मांडायची, खेटून:

१११११११११११११११११११

समुद्र पुरता गोठला की तिथं
बर्फावरून रस्ता सुरू होतो,
वाट चुकू नये म्हणून कडेनं
जुनिपरच्या फांद्या रोवतात.
तशी दिसायची ती ओळ.
अलीकडून वाचा, पलीकडून वाचा, तीच.

आधी तिनं लहान लहान भाग लावले.
तिनानं, बाकी एक.
सातानं एक. अकरानं, तेरानं, सदतिसानंही
एकच.
खुद्द एकोणिसानं, तरी एक.
"सगळ्या पंगती उठल्या," ती म्हणायची,
"आणि हा एक जण दारात उभाच."

मग तिला उमगलं, याला भागणारा कुणी असलाच
तर अडतिसाच्या पाढ्यात एक मिळवूनच सापडेल.
एकशे एक्क्याण्णव: बाकी चौऱ्याऐंशी.
दोनशे एकोणतीस: बाकी एकशे ऐंशी.
असे तपासायचे तीस लाखांच्या घरात.
रोज दहा म्हटले तरी आठशे वर्षं.
ती रोज चार करायची. रविवारी दोन.

मी भीत भीत सांगितलं,
ही मूळ संख्या आहे, शंभरेक वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय.
"माहितेय की." तिनं चष्मा पुसला.
"मीठ खारट असतं, तेही माहितेय.
तरी प्रत्येक पिंपातला मासा आम्ही चाखून बघायचो."

एकदा तिनं विचारलं, तुमच्यात काय म्हणतात याला?
मी उजवीकडून बोट ठेवत निघाले:
एकं, दहं, शतं, सहस्र,
घोकलेलं आपसूक जिभेवर येत गेलं,
लक्ष, कोटी, अब्ज, खर्व, निखर्व,
महापद्म, शंकू, जलधी,
अंत्य, मध्य,
परार्ध.
परार्धापाशी बोट थांबलं.
अठरा घरांची अठरा नावं संपली
आणि डाव्या टोकाचा एक अजून तिथंच,
बिननावाचा.

मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.
ती काही बोलली नाही.
शेगडीत एक लाकूड सरकवलं
आणि नवं पान काढलं:
अकरा हजार नऊशे तेहतीस.

बाहेर खाडीत बर्फ तडकला, लांबवर, बंदुकीसारखा.
मी दचकून खिडकीशी गेले.
तिनं मान वर केली नाही.
हातचा निसटू नये म्हणून
ओठांत धरून बसली होती.